चौदाव्या पानावरचा नियम

लिफ्टवाल्याला माणसं फारशी आवडत नसत, आणि हे लपवण्याची तसदी त्याने कधी घेतली नाही. बावीस वर्षं तो लिफ्ट दुरुस्त करत होता. या बावीस वर्षांत त्याचं ठाम मत झालं होतं की लिफ्ट आपणहून बिघडत नाही, माणसं तिला बिघडवतात. बटण एकदा दाबलं की लिफ्टला कळतं. तरी माणूस सात वेळा दाबतो, मग दारावर लाथ घालतो, आणि मग फोन करून विचारतो की किती वेळ लागेल हो. लिफ्टवाला शांतपणे सांगायचा, "तुम्ही किती वेळा दाबलंत त्यावर अवलंबून आहे." कंपनीकडे त्याच्या तक्रारी जायच्या. कंपनी त्या फाइलला लावायची आणि विसरून जायची, कारण त्याने दुरुस्त केलेली लिफ्ट वर्षभर परत कुरकुरत नसे.

स्वतः तो बिनलिफ्टच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायचा. यावर विनोद न केलेला माणूस त्याला अजून भेटायचा होता.

लिफ्टमधली एक गोष्ट त्याला मनापासून पटायची. लिफ्ट मजल्यावर येऊन उभी राहिल्याशिवाय मजल्याचं दार उघडत नाही. तुम्ही घाईत असा, आजारी असा, कुणा बड्या साहेबाचे जावई असा, नाही म्हणजे नाही. तिथे ओळख चालत नाही, गयावया चालत नाही. व्हिडिओ गेमही त्याला याच कारणासाठी आवडायचे. संध्याकाळी घरी आला की तो हातपाय धुऊन, डाळभाताचा कुकर लावून स्क्रीनसमोर बसायचा. एका खेळात दगडी पुलावर एक राक्षस होता. त्याने लिफ्टवाल्याला एकशे त्रेचाळीस वेळा मारलं. लिफ्टवाल्याने आकडा लिहून ठेवला होता. पण एकदाही त्याला राक्षसाचा राग आला नाही. राक्षसाने एकदाही लबाडी केली नव्हती. तो डावा खांदा उचलायचा, दोन श्वास थांबायचा आणि गदा आपटायचा. दर वेळी तसंच. एवढा सचोटीचा माणूस लिफ्टवाल्याच्या ओळखीत एकही नव्हता.

ऑनलाइन खेळण्याचा नाद मात्र त्याने महिन्याभरात सोडला. तिथे माणसं असतात. कुठली तरी मिसरूड न फुटलेली पोरं कानात येऊन त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची आणि हरायला लागली की वायर काढून पळून जायची. आणखी एक जात त्याच्या डोक्यात जायची, ती म्हणजे प्रत्येक निर्णयाआधी खेळ सेव्ह करून ठेवणारी. आधी भलं वागून बघायचं, नाही जमलं तर मागे जाऊन वाईट वागून बघायचं. अशा माणसाला कुठल्याही गोष्टीची लाज कशी वाटणार, असं तो म्हणायचा. म्हणायचा म्हणजे भिंतीला, कारण ऐकायला दुसरं कुणी नसायचं.

टेबलावरच्या खेळाची गत वेगळी. व्हिडिओ गेममध्ये चुकीची चाल करताच येत नाही, यंत्र करूच देत नाही. पटावर मात्र कुणीही कुठेही सोंगटी उचलून ठेवू शकतो. फासा टेबलावरून खाली पडला तर "धरू या की, काय बिघडलं" असं म्हणू शकतो. तिथे यंत्र नसतं, म्हणून कुणीतरी माणसाने यंत्र व्हावं लागतं. नियमांचं पुस्तक मांडीवर घेऊन एकाने बसावं लागतं आणि वाईटपणा घ्यावा लागतो. लिफ्टवाल्याने तो एकोणीस वर्षं घेतला. या काळात टेबलावरून एकूण अकरा माणसं उठून गेली. कुणी भांडून, कुणी कंटाळून, एक तर लग्न ठरल्याचं खोटं कारण सांगून. लिफ्टवाल्याला कुणाचीच उणीव भासली नाही. शेवटी उरले चौघं, आणि चौघं उरले म्हणजे चाळणीतून हवं तेवढंच राहिलं, असा त्याचा समज होता.

एक तो स्वतः. दुसरा गादीवाला, ज्याच्या दुकानावरच्या खोलीत हा अड्डा भरायचा. तिथे फोम कापायचं लांबरुंद टेबल होतं आणि चहूबाजूंनी कापडाचे तागे. खोलीत कायम फोमचा पिवळा भुसा उडायचा, आणि खेळून उठलं की तो प्रत्येकाच्या भुवयांवर बसलेला असायचा. गादीवाला आडव्या अंगाचा, हसरा, आणि खेळात अगदी गचाळ. त्याला आपली पाळी आली हेही सांगावं लागायचं. तिसरे मास्तर, म्हणजे पोहण्याचे मास्तर. चाळीस वर्षं तलावाच्या काठावर शिट्टी वाजवून निवृत्त झालेले, एका कानाने ठार बहिरे. आणि चौथी त्याची धाकटी बहीण. ती औषधांच्या दुकानात काउंटरवर काम करायची. तिला सगळे धाकटीच म्हणायचे, गादीवालासुद्धा, जो तिच्याहून तीन वर्षांनी लहान होता.

धाकटी चांगली खेळायची. हे लिफ्टवाल्याने तिला कधी सांगितलं नाही, पण ती नसली की त्याला डाव अळणी लागायचा. लहानपणी त्यानेच तिला खेळायला शिकवलं होतं. ती सहा वर्षांची असताना हरत असलेला डाव टाकून उठायला लागली, तेव्हा त्याने तिला हाताला धरून परत बसवलं होतं आणि शेवटच्या सोंगटीपर्यंत खेळायला लावलं होतं. ती रडत रडत खेळली. त्याला वाटायचं, म्हणूनच ती चांगली खेळते.

त्या वर्षी त्यांनी एक नवाच खेळ आणला. एका बेटावर चार माणसं येऊन वस्ती करतात, आणि बारा महिने तगून राहायचं असतं. एक डाव म्हणजे एक महिना. गंमत अशी, की या खेळात झालेलं पुसता येत नाही. पूल बांधला तर पटावर पुलाचा स्टिकर कायमचा चिकटवायचा. कुणी जखमी झालं तर त्याच्या कार्डावर पेनाने लिहायचं. आणि कुणी मेलं तर कार्ड फाडायचं, खरोखर, दोन हातांनी. बाराव्या महिन्यानंतर तो पट पुन्हा कुणाच्या कामाचा राहत नाही. गादीवाला म्हणाला, "एवढ्या पैशांचा खेळ आणि एकदाच खेळायचा?" लिफ्टवाला मात्र पहिल्यांदाच एखाद्या खेळावर भाळला. मागे जाऊन सेव्ह उघडणं नाही, सबबी नाहीत. जगायचं तर असं, असं त्याला वाटलं.

एक रविवार सोडून एक, दुपारी तीन वाजता ते जमायचे. लिफ्टवाला झाला गवंडी. मास्तरांनी कोळी घेतला, गादीवाल्याने शिकारी. धाकटीने वैद्यीण घेतली. बाकीचे कार्डाकडे कार्ड म्हणून बघायचे, पण धाकटीने तिच्या वैद्यिणीला जीव लावला. दुसऱ्या महिन्यात वैद्यिणीला जखमा शिवण्याचं कसब मिळालं. तिसऱ्यात डावा हात भाजला. चौथ्यात तिला जंगलात एक कुत्रा सापडला, आणि धाकटीने कार्डाच्या मागे कुत्र्याचं चित्र काढलं. ते मांजरासारखं दिसत होतं. त्यावरून गादीवाल्याने तिची इतकी थट्टा केली की मास्तरांना ठसका लागला. लिफ्टवाल्याने घड्याळ दाखवलं.

तिसऱ्या महिन्यात आणखी एक गोष्ट झाली, जी त्या वेळी कुणाच्या खिजगणतीतही नव्हती. एक बंद पाकीट उघडायचं होतं. त्यातून स्टिकरांचा कागद निघाला. त्यावर नवे नियम छापलेले होते, ते नियमांच्या पुस्तकातल्या रिकाम्या चौकटींत चिकटवायचे. पुस्तकात अशा रिकाम्या चौकटी बऱ्याच होत्या, काही आत्तासाठी, काही पुढच्या महिन्यांसाठी. गादीवाल्याने अंगठ्याने पहिला स्टिकर खरवडायला घेतला. त्याच्या अंगठ्याला फोमचा गोंद लागलेला होता.

"हात धुतलेत का?" लिफ्टवाल्याने विचारलं.

"धुतो की."

"राहू द्या. तुम्ही चिकटवलं तर ते तुमच्या दुकानाच्या पाटीसारखं तिरकं लागेल. मी घरी नेतो."

ही त्याची पद्धतच होती. खेळातलं जे काही कापायचं, चिकटवायचं असेल ते तो घरी न्यायचा, दिव्याखाली पोलादी पट्टी आणि चिमटा घेऊन बसायचा आणि असं चिकटवायचा की छापखान्यातूनच तसं आलंय असं वाटावं. त्या आठवड्यात त्याने सगळे स्टिकर चिकटवले. रिकामा कागद घडी घालून पाकिटात ठेवला, पाकीट खोक्याच्या तळाशी.

पाचव्या महिन्यात तापाची साथ आली. वैद्यिणीच्या कार्डावर तापाची तिसरी खूण झाली होती, आणि धाकटीने फासा टाकला तो नेमका एकवर पडला. चौथी खूण. चौथी खूण म्हणजे मरण. सगळे एकाच चौकोनात उभे होते, नदीकाठी. धरण बांधायचं काम चाललं होतं आणि शेवटचा दगड तेवढा बसायचा होता, लिफ्टवाल्याच्या येत्या पाळीला.

मग धाकटी म्हणाली, "दादा, काहीच करता येत नाही का?"

"पुस्तकात काही नाही."

"नीट बघ ना."

"मी नीटच बघतो. मी सोडून इथे कुणी बघतं का?" त्याने पुस्तक मिटलं. "फाड."

गादीवाला म्हणाला, "अहो, पाचवाच महिना आहे. एक खूण कमी धरू या. कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल," लिफ्टवाला म्हणाला. "आणि उगाच दयाबुद्धी दाखवायची असेल तर अनाथाश्रम काढा. इथे खेळ चाललाय."

मास्तरांना अर्धंच ऐकू आलं असावं, पण तेही मान हलवत होते. धाकटीने कार्ड उचललं. तिने ते मास्तरांना देऊ केलं. लिफ्टवाला म्हणाला, ज्याचं कार्ड त्यानेच फाडायचं असं लिहिलंय. तिने फाडलं. जाड कार्ड होतं, एका झटक्यात फाटलं नाही. मग तिने दोन्ही तुकडे फोमच्या कचऱ्याच्या पिशवीत टाकले, पर्स उचलली आणि जिन्याने खाली गेली. लिफ्टवाल्याने तिच्या नावाने नवं कार्ड काढून ठेवलं, सुताराचं. आणि मग त्याची पाळी होती म्हणून शेवटचा दगड बसवला.

सुतार तिथेच पडून राहिला. धाकटी पुन्हा आली नाही. फोन केला तर मेहुणा उचलायचा, हवापाण्याच्या चार गोष्टी बोलायचा आणि म्हणायचा, ती जरा कामात आहे. लिफ्टवाल्याने आधी ते हसण्यावारी नेलं. एका पुठ्ठ्यासाठी चाळिशीतली बाई रुसून बसते, असं तो मशीन रूममध्ये दोरांना तेल देताना स्वतःशी पुटपुटायचा. मग त्याला राग यायला लागला. मग एका रविवारी गादीवाल्याने सहज म्हणून तिची खुर्ची उचलून तिच्यावर कापडाचा तागा ठेवला, आणि लिफ्टवाल्याने उठून तो तागा खाली आपटला. कारण त्यालाही सांगता आलं नसतं. उठून गेलेली ही बारावी, आणि आधीच्या अकरांसारखं हिला मनातून काढून टाकता येईना. त्याला ती परत हवी होती, त्याच खुर्चीत. पण माफी मागण्यासारखं आपण काही केलेलं नाही, याची त्याला शंभर टक्के खात्री होती, आणि तीच पंचाईत होती.

दहाव्या डावाच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, त्याने खोका आवरायला घेतला. वापरून झालेले कागद टाकून द्यावेत म्हणून तळाचं पाकीट काढलं. आतला स्टिकरांचा कागद उलगडला. तो रिकामा नव्हता. अगदी कडेला, खालच्या कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढा फिक्या रंगाचा एक स्टिकर होता. दिव्याच्या उजेडात तो कागदाच्या रंगात मिसळून गेला असणार. त्यावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं, पान चौदा. आणि खाली: मरणाऱ्याच्या चौकोनात उभ्या असलेल्या कुणीही आपली येती पाळी सोडली, तर मरणारा वाचतो. त्याचं एक कसब जातं.

त्याने चौदावं पान उघडलं. तिथे रिकामी चौकट होती. गेले सहा डाव ती त्याच्याकडे बघत होती आणि तो समजत होता की ती पुढच्या कुठल्या तरी महिन्यासाठी आहे.

आधी त्याने गादीवाल्याला शिव्या घातल्या, कारण त्याचे अंगठे घाण नसते तर कागद घरी आणावाच लागला नसता. मग छापणाऱ्याला, एवढी फिकी शाई वापरतात का म्हणून. मग धाकटीलाही, स्टिकर मोजून का घेतले नाहीस. शिव्या देण्यासारखी माणसं संपली तेव्हा तो पलंगावर बसला. आपण सगळ्यांदेखत, छाती पुढे काढून, चुकीचं सांगितलं होतं. तिने म्हटलं होतं नीट बघ, आणि आपण पुस्तक मिटलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो खेळायला गेला आणि काही बोलला नाही. हेही लिहून ठेवलं पाहिजे. एकोणीस वर्षं लोकांना टेबलाखाली पडलेला फासा पुन्हा टाकायला लावणारा हा माणूस तीन तास खालमानेने खेळला. कोळ्याला जखम झाली तेव्हा मास्तर म्हणाले, "आज वैद्यीण असती तर निभावलं असतं." लिफ्टवाल्याने पाण्याचा घोट घेतला. पुस्तक मांडीवर होतं, पण ते उघडायचं त्याला धाडस होईना. गादीवाल्याने दोनदा चुकीची चाल केली आणि त्याला कुणी अडवलं नाही. तो घाबरून म्हणाला, "बरं नाही का तुम्हाला?"

पुढचे दोन आठवडे लिफ्टवाला असा वागला की कंपनीत तक्रारींची फाइल नवी आणावी लागली. एका इमारतीत त्याने लिफ्ट बंद ठेवून रहिवाशांच्या मंडळालाच जिन्यात उभं केलं आणि बटण कसं दाबायचं याचा धडा दिला. घरी त्याला खेळवेना. पुलावरचा तो राक्षस डावा खांदा उचलायचा, आणि लिफ्टवाला बाजूला सरायचं विसरून नुसता बघत बसायचा. यंत्राला आपलं काही चुकलं आहे का ते माहीत नसतं, असं त्याच्या मनात यायचं. मला माहीत आहे.

अकराव्या डावाला त्याने पट मांडायच्या आधीच तो कागद टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. अडखळत, कुणाकडेही न बघता, मास्तरांसाठी एकदा मोठ्याने पुन्हा. वाटलं होतं, दोघं तुटून पडतील. तशी तयारी करून तो आला होता.

गादीवाल्याने स्टिकर वाचला, डोकं खाजवलं. "म्हणजे ती वाचली असती?"

"कुणी पाळी सोडली असती तर."

"मी सोडली असती की," गादीवाला म्हणाला. "माझ्या पाळीला तसंही मी काय दिवे लावतो."

मास्तर म्हणाले, "मीही सोडली असती. मी तर तिच्या शेजारीच उभा होतो." मग त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसत बसले. गादीवाल्याने बिचाऱ्या वैद्यिणीचा उगाच बळी गेला, असं काहीसं म्हटलं. कुणी ओरडलं नाही. लिफ्टवाल्याला ओरडलेलं चाललं असतं.

"ते मी सरळ करतो," तो म्हणाला. "खोक्यात दोन कोरी कार्डं आहेत. नियमाप्रमाणे ती जिवंत आहे. एक कसब गेलं, बस. बाराव्या महिन्याला ती खेळेल."

"ती येईल का?" गादीवाल्याने विचारलं.

"का नाही येणार? चूक माझी होती, मी मान्य करतो. मग प्रश्न कुठे उरला?"

गादीवाला आणि मास्तर यांनी एकमेकांकडे बघितलं, पण ते लिफ्टवाल्याच्या लक्षात आलं नाही. त्याला हुरूप आला होता. चूक सापडली होती, चुकीवर उपाय होता, आणि उपाय पुस्तकात बसत होता.

सोमवारी संध्याकाळी बसून त्याने कोऱ्या कार्डावर वैद्यीण पुन्हा उतरवली. काही बघावं लागलं नाही, सगळं तोंडपाठ होतं. डावा हात भाजलेला, तिसरा महिना. जखमा शिवणं हे कसब लिहून त्यावर बारीक रेघ मारली, कारण एक कसब जायला हवं. औषधी मुळ्या ओळखणं हे तिचं मूळचं कसब तसंच ठेवलं. मागच्या बाजूला कुत्रा काढायला घेतला आणि त्याला तो मांजरासारखा दिसावा म्हणून तीन वेळा कच्चा काढावा लागला. एवढ्या मायेने त्याने आयुष्यात कुणासाठी काही केलं नसेल.

मंगळवारी दुपारी तो सुट्टी टाकून औषधांच्या दुकानात गेला. काउंटरवर रांग होती. तोही रांगेत उभा राहिला, कारण पुढे घुसणारी माणसं त्याला सहन होत नसत. पुढे एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांना धाकटी तिसऱ्यांदा समजावत होती की पांढरी गोळी जेवणाआधी आणि पिवळी जेवणानंतर. तिचा आवाज चढला नाही. तिने पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं, वर एक ताट आणि बाण काढून दिला. मग तिने मान वर केली तो समोर लिफ्टवाला.

"काय हवंय?" ती म्हणाली.

"तुला दाखवायचंय काहीतरी."

"चिठ्ठी आहे का डॉक्टरची?"

त्याने स्टिकरचा कागद काचेवर ठेवला. "हा माझ्याकडून राहून गेला होता. चौदाव्या पानावर लागायला हवा होता. वाच."

तिने वाचलं. हातातलं पेन खाली ठेवून पुन्हा एकदा वाचलं.

"चूक माझी," तो म्हणाला. हे शब्द त्याने वाटेत इतक्यांदा घोकले होते की ते फार भरभर बाहेर पडले. "तू विचारलंस, मी नाही म्हटलं. तुझं कार्ड फाडायला नको होतं. हे बघ, मी नवीन केलंय. नियमाप्रमाणे तू जिवंत आहेस. या नाही, पुढच्या रविवारी शेवटचा डाव आहे, तू ये."

धाकटीने कार्ड हातात घेतलं. मागची बाजू बघितली. तिच्या ओठांना किंचित मुरड पडली, आणि लिफ्टवाल्याला वाटलं, जमलं.

"सगळं लक्षात आहे तुझ्या," ती म्हणाली.

"सगळं."

"तुला नेहमीच सगळं लक्षात असतं. आई अंथरुणाला खिळली तेव्हा आपण वाटून घेतलं होतं. एक आठवडा तुझा, एक माझा. एका चुकीला जागा नव्हती. तुझ्या आठवड्यात तिची गोळी पाच मिनिटंसुद्धा इकडची तिकडे झाली नाही."

"मग?"

"आणि माझ्या आठवड्यातला एक दिवस तू कधी घेतला नाहीस. मला ताप होता तेव्हाही. मी फोन केला होता. तू म्हणालास, हा आठवडा तुझा आहे."

लिफ्टवाल्याला तो फोन आठवला. त्याला सगळंच आठवायचं. "तसं ठरलं होतं," तो म्हणाला.

"हो. ठरलं होतं." तिने स्टिकर बोटाने त्याच्याकडे सरकवला. "हे इथे लिहिलंय, कुणीतरी पाळी सोडली तर. गादीवाल्यांना विचारलंस?"

"ते म्हणाले सोडली असती. मास्तरही म्हणाले."

"आणि तू? समजा, त्या दिवशी हा जागच्या जागी लागलेला असता. ते दोघं तिथे नसते, आपण दोघंच असतो. तुझा शेवटचा दगड राहिला होता. तू सोडली असतीस?"

मागे कुणीतरी खोकलं. रांग वाढली होती. एक बाई घड्याळ बघत होती.

हो म्हणायचं होतं, बस. एक शब्द. ती रविवारी आली असती, तिच्या खुर्चीत बसली असती, गादीवाल्याने कुत्र्यावरून पुन्हा थट्टा केली असती. लिफ्टवाल्याला हे सगळं स्पष्ट दिसत होतं आणि त्यासाठी त्याचा जीव तुटत होता. पण तिने विचारलं तेव्हाच तो नकळत नदीकाठच्या त्या चौकोनात जाऊन उभा राहिला होता, हातात दगड घेऊन. धरण त्या महिन्यात झालं नसतं तर पुढच्या महिन्यात पूर आला असता. त्याने पुन्हा हिशेब करून बघितला. उत्तर तेच येत होतं.

"नाही," तो म्हणाला.

धाकटीने मान हलवली. तिला राग आलेला दिसला नाही, नवलही वाटलेलं दिसलं नाही. तिने कार्ड स्टिकरच्या कागदावर ठेवलं, दोन्ही मिळून औषधाच्या एका छोट्या पाकिटात घातलं, पाकिटाचं तोंड दुमडलं आणि त्याच्या हातात दिलं.

"बाजूला हो दादा," ती म्हणाली. "मागे लोक उभे आहेत."